काचेखालचे मैदान

१९९४ सालच्या १७ जून रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी जागतिक फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना झाला आणि जर्मनीने बोलिव्हियावर एका गोलाने मात केली. ज्या देशात या खेळास सॉकर म्हणतात, आणि फुटबॉल म्हटले की चेंडू बगलेत मारून धावण्याचा निराळाच खेळ लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, त्या देशाने या स्पर्धेचे यजमानपद घ्यावे याचे पुष्कळांस नवल वाटले होते. त्या वेळी तेथे पहिल्या प्रतीच्या व्यावसायिक संघांची राष्ट्रीय साखळीदेखील नव्हती. ती १९९६ साली सुरू झाली. तरीसुद्धा महिन्याभरात झालेल्या ५२ सामन्यांस मिळून ३५ लाखांवर प्रेक्षक लोटले. पण आजचे विवेचन त्या मैदानांविषयी नाही. त्याच शिकागो शहरातून स्पर्धेच्या काही महिने आधी एक काचेखालचे मैदान बाहेर पडले. ते मैदान सुमारे २० इंच रुंद व पावणेचार फूट लांब होते, आणि त्यावर खेळाडू एकच असून चेंडूच्या जागी पोलादाची एक गोळी होती.

या यंत्राचे नाव ‘वर्ल्ड कप सॉकर’. पिनबॉल म्हणून जो यंत्रखेळ प्रसिद्ध आहे त्यातील हा एक प्रकार. बॅली या नावाने तो बाजारात आला. ते नाव १९८८ पासून विल्यम्स कंपनीच्या हाती गेलेले होते. जॉन पोपाड्युक हे त्याचे मुख्य रचनाकार, आणि त्यातील गणकयंत्रास आज्ञावली पुरविणारांत लॅरी डीमार प्रमुख. एकंदर ८,७४३ नग तयार झाले. ही संख्या पिनबॉलच्या हिशेबाने लहान नव्हे.

पिनबॉलची कुळी फार जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधील धनिक मंडळी बिलियर्डचे मेज आखूड करून, त्यावर खुंट्या व खळगे करून, काठीने चेंडू ढकलण्याचा एक खेळ खेळू लागली. त्यास बॅगॅटेल हे नाव पडले. या शब्दाचा अर्थच मुळी ‘क्षुल्लक गोष्ट’ असा आहे. पुढे १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थाने काठी काढून टाकून तिच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या बसविला आणि त्याचे एकस्व घेतले. फळीवर खिळे ठोकून, स्प्रिंगने काचेची गोटी उडविण्याचे जे खेळणे आपल्याकडील मुलांच्या हाती पडत आले आहे, ते या रेडग्रेव्हच्या फळीचेच दूरचे भावंड होय. ज्यांनी लहानपणी ते खेळले असेल त्यांना त्यातले मर्म आणि त्यातला दोष, दोन्ही ठाऊक असतील. गोटी एकदा सुटली की मुलाने करावयाचे काही उरत नाही. ती खिळ्यांवर आपटत, अडखळत, कधी शंभराच्या घरापाशी घुटमळून शेवटी शून्याच्या घरात पडते, आणि मुलगा नुसता पाहत राहतो.

हा दोष साधासुधा नव्हता. त्याच्यापायी पुढे सरकार, पोलीस आणि न्यायालये यांस या खेळण्यात लक्ष घालावे लागले. १९३१ साली डेव्हिड गॉटलिब याने ‘बॅफल बॉल’ नावाचे मेजावर ठेवण्याजोगे यंत्र विकावयास काढले. किंमत साडेसतरा डॉलर. त्या वेळी अमेरिकेत महामंदी होती. हाताला काम नव्हते, आणि एका पेनीत घटकाभर करमणूक होत होती. त्याची सुमारे ५०,००० यंत्रे खपली. मागणी इतकी वाढली की त्यास पुरवठा होईना, तेव्हा त्याची यंत्रे विकणाऱ्या रेमंड मलोनी याने १९३२ साली स्वतःचेच ‘बॅलीहू’ काढले; बॅली हे नाव त्यातूनच आले. पुढे त्यात वीज शिरली, दिवे आले, घंटा आल्या आणि दुर्दैवाने रोख बक्षिसेही आली. खेळ नशिबाचा, पैसा रोखीचा आणि खेळणारांत शाळकरी मुले! न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२ साली या यंत्रांवर शहरात बंदी घातली आणि पोलिसांकरवी ती गोळा करून फोडविली. महापौर स्वतः हाती घण घेऊन यंत्रे फोडीत आहेत अशी छायाचित्रे त्या वेळी वृत्तपत्रांत झळकली.

ला गार्डिया यांची पुढे पुष्कळ थट्टा झाली आहे. पण न्यायाने पाहता १९४२ साली त्यांचे म्हणणे फारसे चूक नव्हते. मुलांचे खाऊचे पैसे ही यंत्रे गिळतात हा त्यांचा आक्षेप होता, आणि त्या वेळच्या यंत्रात दट्ट्या किती ओढावयाचा व पेटीस किती धक्का द्यावयाचा याहून अधिक कौशल्यास वाव नव्हता. चूक झाली ती पुढे. १९४७ साली गॉटलिबच्याच कारखान्यात हॅरी मॅब्ज याने ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर विजेने हलणाऱ्या सहा लहान पट्ट्या बसविल्या. खेळणाराने पेटीच्या बाजूचे बटण दाबावे आणि पट्टीने फटका मारून गोळी वर परतवावी. या पट्टीस फ्लिपर म्हणतात. दुसऱ्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक याने सहांच्या जागी दोनच, पण अधिक जोरकस फ्लिपर पटाच्या तळाशी बसविले, आणि थोड्याच काळात ती मांडणी सर्वमान्य झाली. येथे खेळाची जातच पालटली. आजवर खेळणारा प्रेक्षक होता, तो आता फलंदाज झाला. परंतु कायद्यास याची खबर नव्हती. जो कायदा एका यंत्रासाठी केला तो निराळ्याच यंत्रावर पुढे जवळजवळ तीस वर्षे चालला. गंमत अशी की, ज्या शिकागोत ही यंत्रे बनत त्या शिकागोतही ती खेळण्यास १९७० नंतरच्या दशकापर्यंत बंदी होती.

न्यूयॉर्कची बंदी उठली ती १९७६ साली, आणि ती उठण्याचा प्रकार एखाद्या नाटकातील प्रवेशासारखा आहे. नगरसमितीपुढे यंत्र मांडण्यात आले, आणि रॉजर शार्प या तरुण लेखकास ते खेळून दाखविण्यास सांगण्यात आले. त्याने सराव केलेले यंत्र सोडून समितीने दुसऱ्यावर खेळावयास लावले असे सांगतात. गोळी मी म्हणेन तेथे जाते, हे त्यास सिद्ध करावयाचे होते. शेवटी त्याने दट्ट्यास हात घातला, वरच्या बाजूस असलेल्या मार्गांपैकी मधल्या मार्गाने गोळी खाली उतरेल असे आधी जाहीर केले, आणि दट्ट्या सोडला. गोळी मधल्याच मार्गाने उतरली. त्यात थोडा दैवाचाही हात होता असे पुढे शार्पनेच प्रांजळपणे सांगितले. बंदी मात्र उठली.

आता मूळ यंत्राकडे वळू. पेटीच्या माथ्यावर उभी काच. तीवर फुटबॉलचे भडक रंगीत चित्र, आणि स्पर्धेचे अधिकृत बोधचिन्ह असलेला स्ट्रायकर नावाचा कुत्रा. त्याखाली नारिंगी ठिपक्यांचा फलक. त्यावर गुण आणि चालती चित्रे उमटतात. खाली काचेआड पट. तो सपाट नसून खेळणाराकडे सुमारे साडेसहा अंशांनी उतरता असतो, आणि खेळाची सारी भीती या उतारात साठलेली असते. गोळी २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅम वजनाची. दिसावयास लहान, पण काचेवर आपटली म्हणजे ती पोलादाची आहे याची आठवण ती करून देते.

तळाशी दोन फ्लिपर; प्रत्येक ३ इंच लांब, रबरी कडे चढविलेला. दोहोंच्या टोकांमध्ये गोळी सहज निसटेल एवढी फट. बटण दाबले की पटाखालील तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते, वेटोळे लोखंडी दांडा आत ओढून घेते आणि फ्लिपर ताडकन वर उसळतो. यातील एक बारकावा शाळेत विद्युच्चुंबक शिकलेल्यांस रुचेल. वेटोळी वास्तविक दोन असतात. एक जाड तारेचे व जोरकस, ते फटक्यापुरते. दुसरे बारीक तारेचे व सौम्य. ते फ्लिपर वर धरून ठेवण्यापुरते. फ्लिपर वर पोहोचला की जोरकस वेटोळ्याची वीज बंद होते. न झाली तर बटण दाबून धरताच ते वेटोळे काही क्षणांत जळून जाईल.

सौम्य वेटोळ्याच्या बळावर फ्लिपर वर धरला की त्याच्या कुशीत गोळी विसावते. नवशिका खेळाडू घाबऱ्या घाबऱ्या दोन्ही बटणे एकदम बडवीत असतो. तरबेज खेळाडू गोळी अशी थोपवून धरतो, पटाकडे पाहतो, विचार करतो, मग फ्लिपर खाली सोडून गोळीस त्याच्या अंगावरून घरंगळू देतो आणि नेमक्या क्षणी फटका मारतो. गोळी फ्लिपरच्या टोकाशी असता फटका बसला तर ती पलीकडच्या बाजूस तिरपी जाते. मुळाशी असता बसला तर त्याच बाजूस वळते. सारे कौशल्य या तीन इंचांत आहे. कॅरमच्या सोंगटीस कोठे टिपावे याचा अंदाज ज्यास आहे त्यास यातील गोडी सांगावी लागणार नाही. भेद इतकाच की कॅरमची सोंगटी विचार होईतो स्वस्थ बसून राहते.

पटाच्या वरच्या भागात गोल आहे, आणि गोलापुढे गोलरक्षक. हा गोलरक्षक म्हणजे चित्र काढलेली एक फळी. पण तिच्यामागे लहान मोटार असून ती त्यास डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सारखी फिरवीत असते. इतर बहुतेक यंत्रांवर लक्ष्य जागचे हलत नाही. एकदा हात बसला की बसला. येथे मात्र गोलरक्षक या क्षणी कोठे आहे हे पाहून फटका मारणारा हमखास फसतो, कारण गोळी वर पोहोचेतो तो तेथून हललेला असतो. तो कोठे असेल हे पाहून मारावे लागते. आणि तो धिमेपणाने, एका लयीत फिरतो, त्यामुळे ती लय एकदा मनात भिनली की फटका आपोआप साधतो. मनात दुसरा विचार आला की बिघडतो.

गोलाप्रमाणेच पटावर खराखुरा वाटणारा एक फुटबॉल बसविलेला आहे. तो मोटारीने गरगर फिरतो, आणि त्यास पोलादी गोळी लागली की ती कोठे फेकली जाईल याचा नेम नाही. आपाती कोन आणि परावर्तित कोन समान असतात हा नियम भिंतीस लागू आहे. फिरत्या चेंडूस लागू करू पाहणारा विद्यार्थी येथे नापास होतो. याखेरीज तीन गोल बंपर आहेत. गोळी त्यांच्या झालरीस टेकली की वरचे कडे खाली येऊन तीस झिडकारते, ती दुसऱ्यावर जाते, दुसरा तिसऱ्याकडे धाडतो, आणि क्षणभर ताशा वाजावा तसा कडकडाट होतो. वर चढून पुन्हा खेळणाराच्या हाती गोळी आणून सोडणारे उंच वळणमार्गही आहेत. शिकागोपासून आरंभ करून खेळणाराने ज्या नऊ नगरांत खरी स्पर्धा झाली त्या नगरांतून प्रवास करावयाचा. एकेक गोल करीत पुढे सरकावयाचे. मध्येच एकाहून अधिक गोळ्या एकदम पटावर सुटतात आणि सर्व शहाणपण विसरावयास लावतात. शेवटी लॉस एंजेलिस आणि अंतिम सामना. प्रतिपक्षी जर्मनी!

जर्मनी येथे कशी आली, हे उघड आहे. स्पर्धा भरण्यापूर्वी यंत्र तयार झाले, आणि १९९० सालचा विजेता जर्मनी होता; अंतिम सामन्यास तोच येणार असा रचनाकारांनी सरळ हिशेब केला. खऱ्या मैदानावर १० जुलै रोजी उपांत्यपूर्व फेरीतच बल्गेरियाने जर्मनीस २–१ असे हरविले, आणि १७ जुलैचा अंतिम सामना ब्राझील व इटली यांत झाला. दोहोंकडूनही गोल न झाल्याने पेनल्टींवर निकाल लागून ब्राझील जिंकला. तेव्हापासून आजवर काचेखाली मात्र जर्मनी दर वेळी अंतिम सामना खेळतच आहे.

या खेळात मानवी मनाची खरी परीक्षा होते ती गोळी दोन फ्लिपरांच्या बरोबर मधून खाली येऊ लागते तेव्हा. कडेने जाणाऱ्या गोळीस काही उपाय सुचतो. मधून येणारीस डावा फ्लिपरही पोहोचत नाही, उजवाही पोहोचत नाही. खेळणारास ती येताना स्वच्छ दिसते आणि करता काहीच येत नाही. मग पेटीस धक्का देण्याचा मोह होतो. तो सर्वस्वी निषिद्ध नाही. किंबहुना हलकासा, वेळेवर दिलेला धक्का ही या खेळातील एक कलाच मानली जाते. पण पेटीच्या पोटात एक लोलक टांगलेला असतो आणि त्याच्याभोवती धातूचे कडे असते. धक्का जादा झाला की लोलक कड्यास शिवतो व यंत्र ताकीद देते. ताकिदीस न जुमानता पुन्हा दांडगाई केली तर दिवे मालवतात, दोन्ही फ्लिपर निर्जीव होतात आणि गोळी कोणी अडविणारा नाही अशी संथपणे खाली उतरते. जमा झालेले वरकड गुणही गेले. शिक्षेचा हा प्रकार मोठा समंजस आहे. यंत्र रागावत नाही, ओरडत नाही. नुसते ऐकेनासे होते.

‘वर्ल्ड कप सॉकर’च्या रचनाकारांनी या मधल्या फटीसाठी एक तोड काढली. फ्लिपरांच्या जरा वर, पटाखाली एक विद्युच्चुंबक लपविला आहे, आणि त्याचे निराळे बटण पेटीच्या बाजूस आहे. गोळी मधून येत असता ते बटण नेमक्या क्षणी दाबले तर चुंबक गोळी पकडून धरतो, आणि जी गेलीच होती ती हाती राहते. मात्र क्षण चुकता कामा नये. लवकर दाबले तर चुंबक रिकाम्या पटास ओढीत बसतो. उशिरा दाबले तर गोळी केव्हाच गेलेली असते. शिवाय हे साहाय्य एकदा वापरले की संपते; पुन्हा खेळून मिळवावे लागते. चुंबक मिळाला असूनही तो वापरण्याचे भानच न राहिल्याने गोळी घालविणारे खेळाडू पुष्कळ आढळतात. हात फ्लिपरच्या बटणांवर घट्ट रोवलेले असतात, आणि संकटकाळी माणूस नव्या उपायापेक्षा जुन्या सवयीकडेच धावतो.

गुणांविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. १९३१ च्या यंत्रावर गुण शेकड्यांत वा हजारांत मोजीत. या यंत्रावर ते कोटींत मिळतात, आणि अब्जाची भाषाही ऐकू येते. परीक्षक उदार झाला म्हणून विद्यार्थी हुशार झाला असे नव्हे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे त्या आकड्यांनी कोणी हुरळून जाण्याचे कारण नाही.

१९९९ च्या ऑक्टोबरात विल्यम्स कंपनीने पिनबॉलचा विभाग बंद केला. तोवर घरोघरी दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाचे खेळ आले होते, आणि लाकूड, तारा, रबर, मोटारी यांचा हा संसार मांडणे कारखान्यास परवडेना. उरलेली यंत्रे हॉटेलांतून व करमणूकगृहांतून निघून रसिकांच्या घरी, तळघरांत, मोटारघरांत जाऊन पोहोचली. तेथे ती जिवंत ठेवणे सोपे नाही. फ्लिपरांवरील रबर वाळून भेगाळते, मग गोळी त्यावर मऊपणे विसावत नाही, टणकन उडते. गोलरक्षकाची मोटार कुरकुरू लागते. फिरत्या फुटबॉलवरील रंग लाखो आघातांनी झिजून तेथे पांढरे डाग पडतात. पटावर धूळ व काजळी साचली की गोळीची चाल मंदावते, म्हणून काच काढून पट पुसावा लागतो. हे काम करताना खेळणारास प्रथमच गोलरक्षक हाताने सरकवून पाहता येतो, आणि एवढ्या हलक्या फळीने आपल्याला इतकी वर्षे छळले याचे त्यास हसू येते.

शेवटची गोळी गेल्यावरही यंत्राचा एक कार्यक्रम शिल्लक असतो. खेळणाराच्या गुणांतील शेवटचे दोन अंक फलकावर राहतात, आणि यंत्र आपल्या मनाने दुसरे दोन अंक काढते. गुणांचा एकम् नेहमी शून्यच असल्याने जुळण्याचा संभव दहांत एक असावा असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तो किती ठेवावयाचा हे यंत्राचा मालक पेटीचे दार उघडून आत ठरवू शकतो. ज्या दैवाचा या खेळात काही भाग नाही असे १९७६ साली समितीपुढे एवढ्या खटपटीने सिद्ध करण्यात आले, ते दैव येथे मागच्या दाराने हळूच आत येते. अंक जुळले तर पेटीच्या आतील लाकडावर लोखंडी दांडा आपटून असा ठणठणीत ठोका पडतो की शेजारच्या खोलीतील माणसेही दचकून पाहतात, आणि पैसा न टाकता पहिली गोळी पुन्हा दट्ट्यापुढे येऊन उभी राहते.